बॅरिस्टरचा उतारा

मोरी हा मासा मीठ-हळद न लावता नुसत्या पाण्यात उकडला, की मुतारीत कोणीतरी स्वयंपाक मांडलाय असा वास सुटतो. आमचं घर मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात मी लहानाचा मोठा झालो, बोटींची इंजिनं दुरुस्त करून पोट भरतो, बोटीच्या तळाशी महिनाभर साचलेल्या काळ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालतो. पण त्या दिवशी मीसुद्धा नाक धरून अंगणात जाऊन उभा राहिलो.

ती मोरी बॅरिस्टरसाठी होती. बॅरिस्टर हा माझ्या थोरल्या बहिणीचा, योगिनीचा कुत्रा. पांढरा, केसाळ, चपलेपेक्षा थोडा मोठा. भावोजींची एलएलबी दोनदा राहिली, म्हणून कुत्र्याचं नाव बॅरिस्टर. डोंबिवलीत वेफर्स, फरसाण आणि क्रीमची बिस्किटं खाऊन त्याचं लिव्हर बिघडलं होतं. योगिनीला ट्रेनिंगसाठी हैदराबादला जायचं होतं, म्हणून ती त्याला आमच्याकडे सोडून गेली.

इथल्या डॉक्टरांनी त्याला उलटापालटा करून बघितलं. "पंधरा दिवस घरचं खाणं. तेल नको, मीठ नको, काटा नको. खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि एवढ्याशा जिवाला ती झेपेल की नाही सांगता येत नाही."

योगिनी फोनवर रडली. "नितेश, तुझ्यावर सोडलंय रे त्याला."

काटा नको म्हणून आईने मोरी आणली. त्यात लाल भोपळा, दुधी आणि गिचका भात कालवला. तयार झालेल्या गोळ्याचा रंग मी आयुष्यात फक्त एकदाच पाहिला होता, गटार उपसताना.

बॅरिस्टरने गोळा हुंगला, तोंडात घेतला आणि माझ्या पायावर परत ठेवला. थुंकला नाही, व्यवस्थित ठेवला. दुसऱ्या दिवशी मी बोटाने भरवला. त्याने बोट चाटून स्वच्छ केलं, गोळा तसाच. तिसऱ्या दिवशी, त्याला वळण लागावं म्हणून, मी त्याच्यासमोर एक घास खाल्ला. मला तिथेच ओकारी झाली. ती मात्र त्याला आवडली असती. मी वेळेवर बादलीभर पाणी ओतलं.

"दृष्ट लागलीय त्याला," आई म्हणाली.

"कोणाची? लिव्हरची?"

"गप मेल्या. डोंबिवलीला त्या लिफ्टात शंभर माणसं बघतात त्याला."

तिन्हीसांजेला आईने तोच नाकारलेला गोळा केळीच्या पानावर घेतला आणि बॅरिस्टरवरून तीनदा उतरवला. "आल्यागेल्याची, पापी चांडाळाची, लिफ्टातल्या बायांची, वॉचमनची..." मग पान माझ्या हातात दिलं. "तिठ्यावर ठेवून ये. आणि मागे बघू नकोस, नायतर सगळं परत येतं."

तीन वाटा मिळतात तिथे मी उतारा ठेवला आणि मान ताठ ठेवून घरी आलो. माझ्या मागून पाचेक मिनिटांनी बॅरिस्टर आला, मिशा चाटत.

"बघ, मोकळं वाटलं त्याला," आई म्हणाली.

घरात त्याने तरीही काही खाल्लं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो कोंबडीमागे धावला. आईने रोज दृष्ट काढायची ठरवली. पाच-सहा दिवसांत त्याचे डोळे चमकायला लागले. कुत्रा नुसत्या मंत्रावर जगत होता. मी इंजिनवाला माणूस, डिझेलशिवाय काही चालत नाही हे मला माहीत आहे. पण मागे बघायचं नव्हतं, म्हणून बघितलं नाही.

नवव्या दिवशी तिठ्याजवळच्या सोनूबाई अंगणात आल्या.

"गुणवंती, तुमचा कुत्रा उतारे खातो गो!"

"आमचाच?" आईने विचारलं.

"तुमचाच. काल आमच्या सुनेचा दहीभात पण खाल्लान. अंडं होतं, त्याला तोंड नाय लावलंन. लिंबू चाटून ठेवलंन."

आईने बोटं मोजली. तिच्या हिशेबाने सहा संध्याकाळींची नजर, शिवाय सोनूबाईंच्या सुनेची, एवढ्याशा पोटात गेली होती. "मी नाय आता त्याच्यावरून काही उतरवणार. जीव जाईल पोराचा."

"नाही उतरवलंस तर नळीने जाईल," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी पान तसंच, न उतरवता, तिठ्यावर नेलं. बॅरिस्टर उंबऱ्यावरून हललाच नाही. ओवाळल्याशिवाय त्याच्या लेखी ते अन्नच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तो भिंतीला टेकून पडला, कोंबडी नाकावरून गेली तरी उठला नाही.

आईने पान हातात घेतलं. मग म्हणाली, "नितेश, इकडे ये. त्याच्या शेजारी बस."

तिने पान माझ्यावरून उतरवलं. "तुझीच काढते. म्हणजे खाल्लान तरी त्याची त्याला बाधायची नाय."

"आणि माझी बाधली तर?"

"तुला कोण बघतंय?"

मोरीचं पाणी माझ्या केसांत ठिबकलं. बॅरिस्टर कान टवकारून उठला. पुढचे पाच दिवस तो माझ्यावर पडलेली नजर खाऊन जगला. पोटभर झालं नसावं, कारण रोज पान चाटून भोकं पाडायचा.

पंधराव्या दिवशी डॉक्टर रक्ततपासणीचा कागद बघून म्हणाले, "छान! काय केलंत?"

"पथ्य पाळलं," आई म्हणाली. मी केस हुंगत होतो. तीनदा शाम्पू लावूनही वास येत होता.

रविवारी योगिनी येऊन त्याला घेऊन गेली. आईने तिला दृष्ट काढायचे शब्द कागदावर लिहून दिले. भावोजी आता रोज संध्याकाळी पान घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत जातात आणि मागे बघत नाहीत.

योगिनी गेली त्या दिवशी आईने माझ्यासाठी मोरी केली, मसाल्याची, कोकमाचं आगळ घालून. मला घास उतरेना. आईने ताटातलं पानावर काढलं, माझ्यावरून तीनदा उतरवलं.

मी तिठ्यावर गेलो. पान ठेवलं. चार पावलं चाललो आणि मागे बघितलं. कोणी आलं नव्हतं.

मग परत गेलो, उकिडवा बसलो आणि सगळं खाल्लं. चांगली झाली होती.