व्हॉयेजरचा नकार

जेसल पार्क या वस्तीतल्या त्या हॉलबाहेर चपलांचा ढीग जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आला होता. दारावर फलक होता, 'ब्रह्मांड संपर्क केंद्र. थेट सिग्नल, रोज संध्याकाळी पाच ते सात.' गच्चीवर मोठी डिश बसवलेली, तिची काळी वायर खिडकीतून आत येऊन स्टेजवरच्या पडद्यामागे गेलेली. आत दीडशे माणसं मांडी घालून बसली होती, प्रत्येकाच्या मनगटात तांब्याच्या तारेचं कडं. स्पीकरमधून खोल, घुमणारा आवाज येत होता आणि त्यातून मधूनच पीप उमटायचा. कधी आखूड, कधी लांब. तो ऐकून कुणाच्या अंगावर काटा यायचा, कुणी हात जोडायचं. पुढच्या रांगेत एक बाई चक्क रडत होती.

"चोवीसशे कोटी किलोमीटर," पांढऱ्या कोटातला जयकुमार माईकवर सांगत होता. "एवढ्या लांबून हा आवाज येतोय. व्हॉयेजर. सत्याहत्तर साली नासाने सोडलं. सेहेचाळीस वर्षं गुमान काम केलं आणि नोव्हेंबरमध्ये अचानक वेगळंच बोलायला लागलं. शास्त्रज्ञांना भाषा कळेना. हे मी माझ्या मनाचं नाही सांगत, टीव्हीवर तुम्हीच पाहिलंय. ते यान आता यान राहिलं नाही. त्याच्यातून दुसरंच कोणीतरी बोलतंय."

शेवटच्या रांगेत इंदूबाई नवऱ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता.

त्यांचे यजमान नानासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी धरणांचे आराखडे काढण्यात गेली. घरात बाबासाहेबांचा फोटो, कपाटभर पुस्तकं. परभणीकडच्या नातेवाइकांनी कधी गंडा-अंगारा आणला तर हा माणूस त्यांना चहा पाजून वर तासभर ऐकवायचा. एखादा बाबा भस्म लावून दारात आला असता तर त्यांनी त्याला उंबऱ्यावरूनच परतवून लावलं असतं. पण जयकुमार आला तो नासाचं नाव घेऊन, आलेख दाखवत. त्याआधी महिनाभर एका वृत्तवाहिनीवर 'अंतराळातून आला इशारा?' हे चाललंच होतं. त्यातलं प्रश्नचिन्ह एवढं बारीक, की चष्मा लावूनही दिसू नये.

तेव्हापासून नानासाहेबांना चैन नव्हतं. एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर. जेवताना लक्ष ताटात नाही. गॅलरीत येरझाऱ्या, आणि मध्येच थांबून, "इंदू, काहीतरी मोठं होणार आहे." काय होणार ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आज सकाळी इंदूबाईंनी औषधांचा डबा उघडला, तर नऊ दिवसांच्या गोळ्या तशाच्या तशा.

"अहो, रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत या. स्टेंट टाकून वर्षसुद्धा झालं नाही."

"औषधातल्या केमिकलने सिग्नल अडतो. एकवीस दिवस बंद ठेवायच्या."

"कोण म्हणालं?"

"जयकुमार सर."

"आणि डॉक्टर म्हणाले होते एक दिवसही चुकवू नका, त्याचं काय?"

"डॉक्टरला पृथ्वीवरचं कळतं," असं म्हणून नानासाहेब पुन्हा गॅलरीत गेले.

इंदूबाईंनी गोळी आणि पाण्याचा ग्लास हातात दिला, त्यांनी तो टेबलावर ठेवला. दोनदा दिला, दोनदा ठेवला. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे. आज मीही येते."

म्हणून त्या इथे बसल्या होत्या. गर्दी, उकाडा, तो घुमणारा आवाज. जयकुमारचं बोलणं त्यांच्या कानावरून जात होतं आणि उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर टकटक करत होतं. आधी त्यांना वाटलं, काळजीने होतंय. त्यांनी हात मुठीत आवळला. थोड्या वेळाने बोट पुन्हा सुटलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की ते उगाच हलत नाहीये. पीप वाजला की हलतंय. आखूडला आखूड, लांबला लांब.

इंदूबाईंनी छत्तीस वर्षं तारखात्यात काढली होती. त्या नोकरीला लागल्या तेव्हा तारा मोर्सवर, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांच्या लिपीत, जायच्या, टेलिप्रिंटर नंतर आले. पुढे तार बंदच झाली आणि त्या विद्येचं कुणाला काही काम उरलं नाही. डोकं विसरलं होतं, पण बोट विसरलेलं नव्हतं.

त्यांनी डोळे मिटले आणि आवाजाची घुमण बाजूला सारून नुसते पीप ऐकू लागल्या.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून हौसाबाई उठल्या. राई गावच्या. वीस वर्षं इंदूबाईंच्या बिल्डिंगखाली मासे घेऊन बसायच्या. इंदूबाईंना त्या इथे भेटतील असं वाटलं नव्हतं.

"मना छातीत गाठ हाय," हौसाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "डाक्तर बोल्तो आपरेशन कर, येल लावू नको. करू का न्हाय, येवडं इचार त्याला."

जयकुमारने डिशच्या दिशेने हात वर केले. "प्रश्न गेला. आता उत्तर येईल. एक लांब म्हणजे होकार, दोन लांब म्हणजे नकार. सगळ्यांनी श्वास रोखा."

आखूड, लांब, आखूड, आखूड.

"यान आपल्याला नमस्कार करतंय," जयकुमार कुजबुजला.

लांब. लांब.

"नाही. स्पष्ट नाही म्हणतंय, ताई. शरीराला लोखंड लावू नका. इथे येत राहा."

हौसाबाईंचा चेहरा सैल पडला. महिनाभर पोटात घेऊन फिरलेली भीती कुणीतरी उतरवून घेतल्यासारखा. ते बघून इंदूबाईंना बसवेना. गुडघ्यावर हात टेकून त्या उभ्या राहिल्या.

"हौसाबाई, थांबा. तो नकार नाही. तो एम आहे."

माना वळल्या.

"त्याआधी वाजला तो एल. एलनंतर एम येतो. आता एन येईल. एक लांब, एक आखूड."

स्पीकरमधून आलं, लांब, आखूड.

"आता ओ. तीन लांब."

तीन लांब वाजले. मागून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"पी. आखूड, लांब, लांब, आखूड." तेही तसंच वाजलं. "ही मोर्सची एबीसीडी आहे. तारखात्यात शिकाऊ मुलांना पहिल्या आठवड्यात द्यायचे. कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग उचलून संथ केलंय आणि त्यात ही घुमण मिसळलीय. झेडनंतर आकडे येतील आणि मग परत ए. या बाईचा प्रश्न एमपाशी आला म्हणून नकार मिळाला. टीपाशी आला असता तर होकार मिळाला असता."

जयकुमार डगमगला नाही. त्याने गोड हसून मान हलवली. "बघा, ताईंनीच सिद्ध केलं. ब्रह्मांड आपल्याशी आपल्याच भाषेत बोलतंय. मोर्समध्ये. याहून मोठा चमत्कार कुठला?"

आणि खरंच, चारदोन माना डोलल्या. खोटं एवढ्या सहज कूस बदलेल असं इंदूबाईंना वाटलं नव्हतं.

"जयकुमार सर, एक शंका आहे," शेजारून आवाज आला. नानासाहेब उभे होते. बोटांवर काहीतरी मोजत. "तुम्हीच म्हणालात चोवीसशे कोटी किलोमीटर. सिग्नल प्रकाशाच्या वेगाने जातो, सेकंदाला तीन लाख. म्हणजे ऐंशी हजार सेकंद. बावीस तासांच्या वर. जायला तेवढे, यायला तेवढे." त्यांनी हौसाबाईंकडे बोट केलं. "या बाईंनी आत्ता विचारलं. उत्तर परवा दुपारी यायला पाहिजे. ते लगेच कसं आलं?"

"विचारांचा वेग प्रकाशाहून..."

"विचारांनी जायचं तर डिश कशाला लावलीय?"

तोवर हौसाबाई स्टेजवर चढल्या होत्या. जाळं ओढलेले ते हात. त्यांनी काळी वायर धरली आणि एकच हिसका दिला. वायरीबरोबर पडदा खाली आला. वायरीचं टोक मोकळंच होतं, त्याला चिकटपट्टी गुंडाळलेली. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. मागच्या स्टुलावर एक मोबाइल होता, त्याची पिन अँप्लिफायरमध्ये. डिशची वायर हौसाबाईंच्या हातात होती आणि पीप चालूच होते.

"व्ही," इंदूबाई म्हणाल्या. "तीन आखूड, एक लांब."

जयकुमार मागच्या दाराने कधी गेला ते गडबडीत कुणाला कळलं नाही. काही लोक त्याच्या मागे धावले. काही मात्र इंदूबाईंवरच चिडले. "इतनी शांती मिलती थी इधर," एक बाई जाताना म्हणाली, "आपने सब खराब कर दिया."

घरी आल्यावर नानासाहेबांनी आधी डॉक्टरांना फोन लावला, मग त्यांनी सांगितली ती गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी कार्डिओग्राम काढला. तो ठीक निघाला, पण डॉक्टरांनी त्यांना पोरासारखं झापलं. नऊ दिवसांत स्टेंटमध्ये गुठळी झाली असती तर तुम्ही माझ्यासमोर बसला नसता, म्हणाले.

"त्या यानाचं खरं काय झालं होतं?" परतताना रिक्षात नानासाहेबांनी विचारलं.

इंदूबाईंनी रात्री नासाच्या अभियंत्यांचं निवेदन शोधून वाचलं होतं. "आतल्या कॉम्प्युटरच्या मेमरीतली एक चिप गेली. म्हणून ते तेच तेच आकडे पाठवत राहिलं. आमच्या टेलिप्रिंटरचा एक भाग अडकला की पानभर एकच अक्षर उमटायचं, तसंच. आम्ही तेव्हा मेकॅनिकला बोलवायचो. इथे मेकॅनिक तिथवर जाऊ शकत नाही, म्हणून त्यांनी प्रोग्रॅमचे तुकडे करून मेमरीत दुसरीकडे बसवले. एक सूचना पाठवायची आणि दोन दिवस वाट बघायची. पाच महिने लागले. वीस एप्रिलला ते परत नीट बोललं."

"वीस एप्रिल? मी तर रोज बातम्या बघत होतो."

"दुरुस्तीची बातमी कुणी वाजवत नाही."

"जन्मभर बुवाबाजीला हसलो गं मी. मला कसं पटलं?"

"बुवाला प्रश्न विचारायची सवय होती तुम्हाला. नासा म्हटल्यावर विचारायचं राहून गेलं."

हौसाबाईंचं ऑपरेशन मेच्या शेवटी झालं. आदल्या दिवशी त्या इंदूबाईंचा हात धरून बसल्या होत्या. भीती तेवढीच होती. "भ्या तर वाट्टंय," म्हणाल्या, "पन करते." गाठ वेळेत निघाली. पुढचे उपचार अजून चालू आहेत, आणि पुढे काय होईल ते बघावं लागेल, असं डॉक्टर सांगतात.

जयकुमार आता वसईकडे दिसतो असं ऐकलं. फलक नवा असेल, कदाचित यानही दुसरं असेल.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. यंत्रं बिघडतात, घरातली बिघडतात तशी सूर्यमालेच्या टोकाला गेलेलीही बिघडतात, आणि ती दुरुस्त करायला माणसं महिनोन्महिने बसतात. ती माणसं लाज न बाळगता म्हणतात, "अजून आम्हाला कळलेलं नाही." ज्याला सगळं लगेच कळतं, टीव्हीवर असो की स्टेजवर, त्याला आधी विचारा, तुला कसं कळलं? आणि तो उत्तर देईपर्यंत डॉक्टरांची एकही गोळी बंद करू नका.