जिभेवरचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. पण घराचा नव्हे, पाण्याचा. विरारच्या पलीकडे, वैतरणेच्या खाडीकाठच्या मातीच्या बांधात मी उभा आहे. इथले लोक मला उघाडी म्हणतात.

ज्या डोंगरांतून वैतरणा येते, तिथेच माझं झाड वाढलं. वारली माणसांनी ते तोडलं, गॉडफ्रे सुताराने मला घडवलं. माझ्या एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खाडी. भरतीला मला खाली सोडतात, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला दोरीने वर ओढतात, म्हणजे शेतातलं साचलेलं पाणी निघून जातं.

पुरात मात्र दोन्हीकडे सारखंच गढूळ पाणी दिसतं. तेव्हा जुनी माणसं खाडीचं पाणी बोटाने जिभेवर ठेवायची. गोड लागलं तर नदीचा जोर, म्हणजे ओहोटी; मला ओढायचं. खारट लागलं तर समुद्राचा जोर, म्हणजे भरती; थांबायचं. शेतकरी, कोळी, मिठागरवाले, सगळे ही चव मानत.

गेल्या भाद्रपदातल्या पुरात, माझ्यामागे शेती करणाऱ्या क्लेमेंटीनबायचं लोंबीवर आलेलं भात बुडालं. अर्नाळ्याचा शांताराम कोळी माझी दोरी धरून उभा राहिला. शेतामागच्या नव्या इमारतीतला हार्दिक धावत आला.

"काकी, लवकर उघडा ना! पार्किंगमध्ये पाणी घुसलंय, माझी गाडी बुडते!"

"मग तिला पवायला शिकव," शांताराम म्हणाला. "बाय, वढू काय?"

क्लेमेंटीनबायने बोट बुडवून जिभेला लावलं. थुंकली. पुन्हा लावलं.

"गोड नाय, खारा पन नाय. साबन लागते रे!"

हार्दिकने आपल्या इमारतीकडे वळून पाहिलं. इमारतींचं सांडपाणी खाडीतच सोडतात, हे त्याला ठाऊक होतं. मलाही काही कळेना. एवढी वर्षं दोन पाण्यांच्या मधे उभा, आणि कुठलं पाणी कुणाचं हेच मला ओळखता येईना! खारं आत शिरलं असतं तर बायचं वर्षाचं भात गेलं असतं.

"वीतभरच वढ," शेवटी बाय म्हणाली आणि तिने छातीवर क्रुसाची खूण केली.

मी उचललो गेलो. सगळे वाकून बघत राहिले. बऱ्याच वेळाने शेतातली एक तुटलेली लोंबी माझ्याखालून हळूच खाडीकडे गेली.

"पानी भायेर चाललाय!" शांताराम ओरडला.

भात वाचलं, पण अंदाजाने. पुढच्या वेळी काय होईल, मला खरंच माहीत नाही. म्हणून मित्रांनो, नदीत-खाडीत काहीही ओतण्याआधी एवढं आठवा : खाली कुणीतरी ते पाणी जिभेवर ठेवणार आहे.