रेफरीला वाढलेले दोन वाडगे

खालून येणाऱ्या माणसांची मला मुळीच कीव येत नाही. बसमधून उतरतात, छाती फुगवून "काय हवा आहे!" म्हणतात, आणि माझ्या लॉजचा दुसरा जिना चढेपर्यंत पांढरेफटक पडतात. एकोणीस वर्षं एल आल्तोत लॉज चालवतेय. चार हजार मीटरवर आम्ही बाळंत होतो, ओझी वाहतो, लग्नात रात्रभर नाचतो. यांना धड उभं राहता येत नाही.

त्या रविवारी सकाळी सातला रोमुलो मेल्गार आला. एकटाच. त्रिनिदादहून, म्हणजे खाली नदीकाठच्या दलदलीतल्या गावातून, खाणवाल्यांच्या संघाशी आमच्या दुपारी तीनच्या फुटबॉल सामन्याला रेफरी म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा डोंगर चढलेला माणूस! अंगात पातळ शर्ट, पायात चकचकीत बूट आणि तोंडात नुसती शेखी. "दोन्या बासिलिया, मी रोज दहा किलोमीटर पळतो," मला सांगतो. दोन्या म्हणजे बाईसाहेब, तेवढा मान ठेवून. पळ बाबा, म्हटलं मनात, इथे पळून दाखव.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी पातळ सूप आणि अंथरूण, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी सूप ठेवलंही होतं. तेवढ्यात मागच्या दाराने माझा धाकटा भाऊ सेवेरो घुसला. हा वस्तीच्या क्लबचा अध्यक्ष. गळ्यात टाय आला तेव्हापासून अंगावर मूठभर मांस चढलंय. अक्कल होती तेवढीच राहिली.

"ताई, सूप उतरव. फ्रिकासे वाढ त्याला. डुकराचं मांस चरबीसकट, वर काळे वाळवलेले बटाटे भरपूर. आणि बिअर."

"मरेल की रे तो!"

"मरतोय कशाला? पोट जड झालं की पळणार नाही, एवढंच. मधोमध उभा राहील. आपली पोरं गोलापाशी शर्ट ओढतात, पाय घालतात, ते त्याला तिथून दिसायचं नाही. नुसती बरोबरी झाली तरी आपण वरच्या गटात. आदालिदचा तरी विचार कर."

आदालिद माझा मुलगा, क्लबचा गोलकीपर. वय तेहतीस. वरच्या गटात खेळायची त्याची ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी त्याला कुणी दारात उभं केलं नसतं. बारा वर्षं मी त्याचे फुटलेले गुडघे शेकलेत. मी सूप उतरवलं.

मेल्गारने दोन वाडगे चाटूनपुसून खाल्ले. वर बिअर. खादाड मेला! तेव्हा मला त्याची किळसच आली.

सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच गडी मधल्या वर्तुळात कमरेवर हात ठेवून उभा. आमच्या पोरांनी खाणवाल्यांचे शर्ट ओढले, ढोपरं मारली, शिट्टी नाही. सेवेरो माझ्याशेजारी दात काढत होता. "बघ, खांब झालाय नुसता." मीही हसले. खोटं कशाला बोलू?

शेवटची दोन मिनिटं उरली, गोल कुणाचाच नव्हता. खाणवाल्यांचा लंबूटांग्या उडाला आणि त्याने चक्क हाताने चेंडू आत ढकलला. सगळ्या मैदानाने पाहिलं. रेषेवरच्या झेंडेवाल्याच्या डोळ्यांसमोर सात-आठ माणसं आडवी होती आणि रेफरी अजून मधल्या वर्तुळातच. त्याने गोल दिला.

सामना संपताच सेवेरो त्याच्यावर धावून गेला. "आंधळा आहेस का रे?"

"लांब होतो, साहेब. पायच उचलत नव्हते. हात लागलेला दिसलाच नाही, तर फाउल कसा देऊ?" मेल्गार म्हणाला आणि तिथेच गुडघ्यांवर बसून ओकू लागला. माणूस सरळ होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

त्याचं कपाळ धरायला कुणी पुढे झालं नाही. झाला तो आदालिद. गोल खाल्लेला, संधी गेलेली, आणि त्याचं डोकं धरून बसला.

"सकाळी काय खाल्लंत?"

"फ्रिकासे. दोन वाडगे. दोन्या बासिलियांनी फार प्रेमाने वाढलं हो."

आदालिदने मान वर केली. मी त्याच्या ओरडण्याची वाट पाहत होते. त्याने मेल्गारला खांद्याचा आधार देऊन उठवलं आणि माझ्या शेजारून जाताना हळूच म्हणाला, "मामाची लायकी मला माहीत होती, आई."