भुराची दोरी

आमच्या ग्रामपंचायतीला ऐन मोहफुलं वेचायच्या दिवसांत अक्कल सुचली. मोकळी कुत्री नागझिऱ्याच्या जंगलातल्या चितळांमागे लागतात, म्हणून ठराव झाला: रस्त्यावर, तळ्यावर, जंगलवाटेवर कुत्रा दोरीनेच न्यायचा. मोकळा दिसला की योगराज शिपाई धरून नेणार. चितळांचं ठीक आहे. पण मोहफुलं अस्वलालाही आवडतात, हे ठराव करणाऱ्या शहाण्यांना कोणी सांगायचं?

आम्हा बायकांची रीत साधी. कुत्रा पुढे मोकळा चालतो. तो जिथे अडून बसेल तिथून माघारी फिरायचं, त्या दिवशी ते झाड सोडायचं. बांधलेला कुत्रा कसली वाट दाखवतो!

माझी धाकटी जाऊ शामकला मात्र घाबरली. तिला मूलबाळ नाही. आपल्या कुत्र्याला, भुराला, तिने बकरीच्या दुधावर वाढवलेलं; त्याला नेलं तर ती अन्नाला शिवणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. वेचायला दोन्ही हात लागतात, म्हणून तिने लांब दोरी घेतली, एक टोक भुराच्या पट्ट्याला आणि दुसरं स्वतःच्या कमरेला बांधलं.

त्या सकाळी झाडाखाली फुलांचा नुसता सडा. शामकला ओणवी होऊन वेचत होती, मी पलीकडच्या झाडाखाली. दोरी तिच्या कमरेपासून झुडपात गेलेली. मधूनच ती ताणली जायची, तेव्हा शामकला मान वर न करता म्हणायची, "थांब ना रे भुरा. कायले घाई करून रायला?" की दोरी सैल व्हायची. पाखरं मात्र गप्प होती, तेवढं मला खटकत होतं.

माझ्या पायाला काहीतरी ओलं लागलं. पाहते तर भुरा. नाक पोटरीला लावून थरथरत उभा. गळ्यात पट्टा नव्हता.

पलीकडे दोरी पुन्हा ताणली गेली.

"थांब म्हणलं ना," शामकला म्हणाली, आणि दोरी सैल झाली.

"शामकला," मी हळूच म्हटलं, "भुरा माह्यापाशी आहे."

तिने भुराकडे पाहिलं, मग दोरीकडे. अस्वल असतं तर फुरफुरलं असतं, बिबट्या असता तर त्याने एका झटक्यात ओढलं असतं. हे जे काही होतं, ते ओढायचं, थांबायचं आणि तिचं ऐकायचं.

तिची बोटं गाठीवर चालेनात. मी धावले, दातांनी गाठ सोडवली. दोरी पाल्यातून सावकाश सरकत आत गेली. टोपल्या तिथेच टाकून आम्ही गावाकडे पळालो.

वेशीवर योगराज उभाच. "कुत्रा मोकळा काऊन? दोरी कुठं आहे?"

शामकलाने भुराला छातीशी धरलं. "मोहाखाली रायली, योगराजभाऊ. जा, पाहून घ्या. दोरी आणली तं नेजा कुत्रा."

त्याला हसू आलं. "बरं, आणतो," म्हणून तो वाटेला लागला. मी त्याला नको म्हणून ओरडले, तर त्याने नुसता हात हलवला.

आम्ही अंगणात बसलो होतो, भुरा शामकलाच्या मांडीवर, तेव्हा योगराज फाटकाशी आला. हातात दोरी होती. शामकलाला पाहून तो जागीच थबकला, मागे वळून त्याने जंगलवाटेकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे.

"तुमी इथं कशा?" तो म्हणाला. "दोरी तं तुमीच देल्ली आता, मोहाखाली. म्हणल्या, भुराले बांधा अन् घेऊन या."

शामकलाने भुराला उचललं, घरात नेलं आणि आतून कडी लावली. मी बाहेरच राहिले, याचंही तिला भान नव्हतं.