एका सहीची सिस्टीम

बाबांना जाऊन सोळा दिवस झाले तेव्हा काका आले. काका म्हणजे बाबांचे जुने मित्र आणि वीस वर्षांचे प्रतिस्पर्धी. कॉम्प्युटर चालवणारी एक सिस्टीम दोघांनी मिळून सुरू केली होती. फुकट, कोणीही उघडून बघावी अशी. मग बिनसलं. काका नवी सिस्टीम घेऊन वेगळे झाले. ती नऊ जण सांभाळतात आणि नव्या दुरुस्तीवर त्यांतल्या कुणाही तिघांची सही चालते. बाबा त्याला बारभाई कारभार म्हणायचे. त्यांच्याकडे सही एकच, त्यांची स्वतःची. ती नसेल तर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्ती घेतच नाहीत. हाच आपला वेगळेपणा, असं ते अभिमानाने सांगत.

"एकखांबी तंबू. तोंडावर म्हटलं होतं त्याला," काका म्हणाले.

"मग?"

"म्हणाला, तुझ्या तंबूत खांबच एकमेकांच्या पायात येतात."

आम्ही दोघंही हसलो, थोडंसं.

बाबांच्या सिस्टीममध्ये एक फट सापडली होती. बाहेरचा कोणीही तिच्यातून आत शिरू शकला असता. दवाखान्यांतली, शाळांतली जुनी मशीनं याच सिस्टीमवर चालत होती. काकांनी दुरुस्ती स्वतः लिहून आणली होती. फक्त सही हवी होती. सहीची किल्ली बाबांच्या खणात होती, कॉम्प्युटरला जोडायची, नखाएवढी. परवलीचा शब्द दहा वेळा चुकला की ती स्वतःला पुसून टाकते. मी नऊ वेळा चुकले होते. आईचं नाव, माझं नाव, जन्मतारखा.

"भांडणाआधी सिस्टीमला तुम्ही दोघांनी वेगळं नाव दिलं होतं ना?"

 काकांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढून एका बोटाने ते नाव टाइप केलं.

किल्लीवरचा दिवा विझला.

"नाही ठेवलं त्याने," काका म्हणाले, आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मग मी बाबांची सिस्टीम वापरणाऱ्यांच्या यादीतल्या सगळ्यांना साधा मेल पाठवला: बाबा गेले, ही सिस्टीम आता सुरक्षित नाही, काढून टाका, काकांची घाला.

दहा मिनिटांत एका शाळेतून उत्तर आलं. 'मेलवर सरांची सही नाही. सही नसेल तर माझं नाव घालून आलेल्या मेलवरही विश्वास ठेवू नका, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. क्षमस्व.'

"पुन्हा लिही पोरी," काका म्हणाले. "मी पण लिहितो."

"तुमचं तर अजिबातच ऐकणार नाहीत, काका."

संध्याकाळपर्यंत एकेचाळीस उत्तरं आली. सगळी नम्र होती.