पुलावरची सहा मिनिटं

बस पुलावर थांबली, दोन बायका चढल्या आणि बस लगेच निघाली, तसं वासुकीनं स्टॉपवॉचचं बटण दाबलं. अठ्ठावीस सेकंद. मांडीवरच्या वहीत तिनं आकडा लिहिला आणि खाली ऐटीत एक रेघ ओढली. कालपर्यंत पापनाशमहून तंजावूरला जाणारी ही सकाळची बस या पुलावर सहा मिनिटं उभी राहायची. का, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. आजपासून नवं वेळापत्रक लागलं होतं आणि ते तपासायला ती पहाटे मुद्दाम तंजावूरहून आली होती.

मार्गळी, म्हणजे ऐन थंडीचा महिना होता. कालवा, भातशेतं, नारळीचे बुंधे, सगळं धुक्यात गेलेलं. वर फक्त शेंडे तरंगत होते. बसमधले निम्मे लोक झोपले होते आणि उरलेले जागे असल्याचं सोंग करत होते. एंजिनाची गुरगुर ऐकता ऐकता वासुकीचेही डोळे जड झाले होते. तिनं सहज मागच्या काचेतून पाहिलं.

कालव्याच्या बांधावरून कोणीतरी धावत येत होतं. एक हात वर केलेला, दुसऱ्या हातात डबा. चेहरा दिसेना. बांध जिथे वळतो, जिथे वासुकीची चप्पल नेहमी निसटायची, नेमकी तिथे ती आकृतीही वाकली, चप्पल सावरली आणि पुन्हा धावू लागली. वासुकीला क्षणभर वाटलं, आपण तिथे मागे राहिलो आहोत आणि बसमध्ये स्टॉपवॉच घेऊन बसलेली बाई दुसरीच कोणी आहे. मग धुकं मध्ये आलं आणि बांध दिसेनासा झाला.

"आलें, आलें," ड्रायव्हर मणी पुढे स्वतःशीच पुटपुटला. त्याला एवढाच एक मराठी शब्द येत होता. वासुकीनंच तो त्याला शिकवला होता, म्हणजे कॉलेजच्या दिवसांत त्याच बांधावरून ओरडत येऊन.

"झालं ना समाधान, कंप्यूटरम्मा?" त्यानं आरशातून तमिळमध्ये विचारलं.

तिनं वही मिटली.

नोकरीला लागून तिला येत्या शुक्रवारी वर्ष पुरं होणार होतं. तंजावूरच्या दक्षिण वीथीत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर, चपला बाहेर काढून आत जायची ती कंपनी. वासुकी आली तेव्हा तीन कंप्यूटर आणि चार माणसं होती. आता नऊ कंप्यूटर होते, चौदा माणसं होती, आणि चेन्नईत शाखा काढायची बोलणी चालली होती. मालक राजगोपाल अमेरिकेतून परत आलेला. देशाची दारं उघडली आहेत, आता तंजावूरला बसूनही जग चालवता येईल, असं तो सकाळच्या कॉफीबरोबर रोज एकदा म्हणायचा आणि वीज गेली की गप्प बसायचा.

खाजगी बसकंपन्यांची वेळापत्रकं आखणारा प्रोग्राम हे वासुकीचं पहिलं मोठं काम. त्यात तिनं स्वतःच्या डोक्यानं एक नियम घातला होता: दोन मिनिटांहून जास्त थांबायचं तर कारण हवं. फाटक, डिझेल, ड्रायव्हर बदल, चहा. या चारांत बसणारं कारण नसेल, तर पडद्यावर तो थांबा लाल व्हायचा आणि मिनिटं कापली जायची. राजगोपाल या नियमावर खूष होता. येईल त्या पाहुण्यापुढे तो वासुकीला उभी करायचा. "कॉलेजच्या चार वर्षांत हिची एकदाही बस चुकली नाही. इंटरव्ह्यूत हे ऐकलं आणि मी हिचे मार्क बघितलेच नाहीत."

वासुकीला ते ऐकायला आवडायचं. का आवडू नये? तिच्या आईनं, कमलाक्षीनं, ती चार वर्षं अंथरुणावर काढली होती. वडील आधीच गेलेले. आईला पुसून, लुगडं बदलून, कांजी भरवून ती निघायची, आणि तरी बस गाठायची. आई गेल्यावर तिनं गाव सोडलं तेव्हा तिच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं, पण हे होतं. ते तिनं कोणाकडून घेतलेलं नव्हतं.

पुलावरचा थांबा पडद्यावर लाल झाला, तेव्हा तिनं मणीला कारण विचारलंही होतं. "पापनाशमच्या टाइमकीपरना विचारा. मी नुसता चाक फिरवतो," तो म्हणाला होता. ती गेली नव्हती. मशीन सांगत असताना माणसांना काय विचारायचं?

आज मात्र तंजावूरला उतरल्यावर ती ऑफिसात गेली नाही. समोर उभ्या असलेल्या परतीच्या बसमध्ये चढली.

पापनाशमच्या बसस्टँडवर पत्र्याच्या खोपटात टाइमकीपर सीतारामराव बसले होते. कपाळावर गंध, गळ्यात शिट्टी, पुढ्यात लांबलचक रजिस्टर. तेही तिच्यासारखेच तंजावूरच्या मराठ्यांतले. कितीतरी पिढ्या इकडेच गेलेल्या, पण आपलं माणूस दिसलं की जिभेवर घरची भाषा यायची.

"ये गे, बैस. कॉफी सांगूं?"

"नको मामा. पुलावरची सहा मिनिटं कशाला होतीं, तें विचारायला आलें."

"होतीं म्हणतेस. म्हणजे गेलीं."

"आजपासून."

"सरि," ते म्हणाले. बरं, असं म्हणावं तसं. त्यात राग नव्हता. ते उठले, फळीवरची रजिस्टरं चाळली, एक जुनं काढून फडक्यानं पुसलं आणि पान उघडून तिच्यापुढे सरकवलं.

ऑगस्ट १९९३. आठ तारखेपर्यंत पुलासमोर एक मिनिट लिहिलेलं. नऊ तारखेला सहा. तिथून खाली पानभर सहा, सहा, सहा.

"कारणाचा रकाना कोरा आहे, मामा."

"कोराच ठेविला. शेषाद्रींनी दोनदा विचारलें. बसचे मालक ते, विचारणारच. मी म्हटलें, पुलावर बैल आडवे येतात." ते खुदकन हसले. "खरें लिहावें, तर एका पोरीचें नांव रजिस्टरांत पडतें. रोज एक बस अमक्याच्या पोरीसाठी थांबते म्हणून चहाच्या दुकानांत बोलणें झालें असतें. लोक पराचा कावळा करितात गे."

वासुकीनं पानावर हात ठेवला. त्र्याण्णवच्या जूनमध्ये तिचं कॉलेज सुरू झालं होतं. पहिल्या दोन महिन्यांत तिची बस अकरा वेळा चुकली होती; ते ती कधी हिशेबातच धरत नसे. नंतर मात्र आपण पळायला शिकलो, असं ती स्वतःला सांगत आली होती, इतरांना सांगत आली होती. रोज धापा टाकत पुलावर यावं आणि बस उभी असावी. तिला वाटायचं, आत्ताच येऊन थांबली आहे. आपण आणि बस दोघी एकाच क्षणी पोचतो, याचं तिला मोठं नवल वाटायचं. कधी कधी तर झोपेतही तिला ती बस दिसायची, दार उघडं टाकून उभी असलेली.

"त्या पोरीची बस मग पुन्हा कधी चुकली, मामा?"

"एकदाहि नाहीं. मणी सांगे, आलें आलें ओरडत येते, आणि चढल्यावर ऐटीनें म्हणते, पाहा, आजहि वेळेवर." सीतारामरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "फार अभिमान होता तिला. घरीं आई निजलेली. तेवढा अभिमान असूं दे म्हटलें."

वासुकीला लाज वाटली, आणि त्या लाजेखालून असं काही ऊबदार वर आलं की बाकावरून उठवेना.

"ती गेल्यावर कां नाहीं काढलीं मिनिटं?"

"ती गेली, दुसऱ्या आल्या. आतां एक टीचर आहे, तान्ह्याला पाजून निघते. एक पायानें अधू आहे. घरचें उरकल्याशिवाय बाईला निघतां येतें का? आणि बांध कांहीं आखूड होत नाहीं." त्यांनी रजिस्टर मिटलं. शिट्टी तोंडात धरली आणि अकरा-दहाची कुंभकोणमची बस सोडायला ते बाहेर गेले. तू होतीस ती, असं शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

दुपारी ती ऑफिसात पोचली तेव्हा खिडकीतून ऊन कीबोर्डवर आलं होतं. तिनं पुलाचा थांबा पडद्यावर काढला आणि एकऐवजी सहा भरले. तो लाल झाला. कारणांच्या यादीत तिनं पाचवं कारण घातलं, इंग्रजी अक्षरांत, पण घरच्या भाषेतलं: आलें. थांबा काळा झाला.

मागे राजगोपाल येऊन उभा होता. हातात पाकीट होतं.

"तुझं कायम झाल्याचं पत्र. शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं?" तो खुषीत होता. "शेषाद्रींचा फोन होता. ती सहा मिनिटं वाचली, त्यामुळे त्यांची बस फाटक पडायच्या आत निघते आणि संध्याकाळपर्यंत एक फेरी जास्त होते. ती फेरी बघून आणखी दोन बसकंपन्या आपल्याकडे येतात." मग त्याची नजर पडद्यावर गेली. "हे काय? परत सहा? आणि हे पाचवं काय लिहिलंयस?"

"कारण, सर."

"हे कसलं कारण? वासुकी, ती फेरी गेली तर चेन्नईचंही लांबणीवर पडेल. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

तिनं खुर्ची मागे सरकवली आणि उभी राहिली. पाकीट त्याच्या हातातच होतं, आणि तिनं हात पुढे केला नाही.

"इंटरव्ह्यूत मी तुम्हाला सांगितलं होतं, माझी बस कधी चुकली नाही."

"हो. मी सगळ्यांना सांगतो ते."

"मला उशीर व्हायचा, सर," ती म्हणाली. "सहा मिनिटं. रोज."

राजगोपालनं तिच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या त्या शब्दाकडे. तो शेजारची खुर्ची ओढून बसला.

"शेषाद्रींना काय सांगायचं?" त्यानं विचारलं.