धामणदऱ्याचं रेडिओ केंद्र

नगरला आयटीआय करून महेंद्र गावी परतला, तेव्हा धामणदऱ्यात वीज दिवसातून काही तासच असायची. पाथर्डीच्या पूर्वेकडचं हे कोरडं गाव. बुद्धविहाराशेजारच्या खोलीत त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. नगरच्या आकाशवाणीमुळे एफएमचे सेट घरोघरी आले होते. जुने सुटे भाग जोडून महेंद्रनं एक छोटा ट्रान्समीटर बनवला आणि छपरावर लोखंडी पाइप उभा करून त्याला तार बांधली. आवाज गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर पोहोचू लागला. टँकर कधी येणार, एसटी कुठं बंद पडली, असलं काहीबाही तो सांगायचा. परवाना लागतो हे त्याला ठाऊक होतं. एवढ्याशा केंद्राकडे कोण बघणार, असं त्याला वाटलं.

दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जायचं. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरायची. जीपवाला छगन मुकादमाच्या कामासाठी कारखान्यांवर ये-जा करायचा. महेंद्रनं त्याच्याजवळ टेपरेकॉर्डर आणि कोऱ्या कॅसेट दिल्या. तोडकरी आपापल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बसून त्यात बोलायचे आणि छगननं कॅसेट आणल्या की महेंद्र संध्याकाळी त्या लावायचा. कुणी शेळीची चौकशी करायचं, कुणी पोराला अभ्यास कर म्हणून दटावायचं. नंतर लोक पुन्हा ऐकायला महेंद्रच्या खोलीवर येऊ लागले. एरवी रस्त्यावरूनच हाक मारणारी माणसं आत बसून चहा पिऊ लागली. महेंद्रच्या आईनं ते बघितलं आणि कपबशांचा नवा जोड आणला.

घरातली भांडणं चव्हाट्यावर येऊ नयेत म्हणून महेंद्र प्रत्येक कॅसेट आधी स्वतः ऐकायचा. दुसऱ्या हंगामात भागिरथीच्या गोरक्षचा आवाज आला. तो म्हणत होता, कारखान्यात कायमचं काम लागलंय, इथल्याच एका मुलीशी लग्न केलंय, आता गावी राहायला येणार नाही. आईनं वाट बघू नये.

भागिरथी विधवा बाई. एकुलत्या पोरासाठी तिनं दोन ठिकाणी मुली बघून ठेवल्या होत्या. महेंद्रनं ती कॅसेट लावली नाही. टेप घेऊन तो तिच्या घरी गेला, दार लोटून घेतलं आणि तिला ऐकवली. तिनं ती शेवटपर्यंत ऐकली. मग बराच वेळ ती चुलीतली राख सारखी करत राहिली.

"तुज्या त्या डब्यात मला बोलाया येतं का?" तिनं विचारलं.

महेंद्रनं तिला समजावलं, की तिचा आवाज गोरक्षपर्यंत जाणार नाही, फक्त गावातच ऐकू येईल.

"मला गावालाच सांगायचंय."

त्या संध्याकाळी ती डोक्यावरचा पदर सारखा करत मायक्रोफोनसमोर बसली.

"मी भागिरथी बोलतीय. माजा गोरक्ष आता हिकडं ऱ्हायाला यायचा न्हाई. त्यानं लगीन केलंय. तो सुखी हाय. मला कुनी वाटंत थांबवून इचारू नका. यकदाच सांगितलंय."

एवढं बोलून ती उठली. दुसऱ्या दिवशी पाण्यावर बायका होत्या, पण कुणी विषय काढला नाही. एकीनं तिचा हंडा उचलून दिला, इतकंच.

उन्हाळ्यात सरकारी माणसं आली. विनापरवाना केंद्र चालवता येत नाही, असं त्यांनी सांगितलं, पंचनामा केला, ट्रान्समीटर जीपमध्ये ठेवला. त्यांच्यातल्या एकानं महेंद्रला समज देऊन प्रकरण तिथंच मिटवलं. तक्रार कुणी केली, हे कधी कळलं नाही. पाइप तेवढा छपरावर राहिला. पुढं त्यावर कुणीतरी टीव्हीचा अँटेना चढवला.

महेंद्र नगरजवळ केडगावला टीव्हीच्या दुकानात लागला. दोनेक वर्षांनी गोरक्ष तिथं विचारत विचारत आला. अंगानं भरला होता. लग्नानंतर तो एकदाही गावी गेला नव्हता. आई रेडिओवर बोलल्याचं त्याला तोडकऱ्यांकडून कळलं होतं.

"टेप हाय का त्याची?" त्यानं विचारलं.

टेप नव्हती. ती थेट बोलली होती. तेव्हा रेकॉर्ड करण्याचं महेंद्रला सुचलंच नव्हतं. पण शब्द त्याच्या लक्षात होते. ते त्यानं जसेच्या तसे सांगितले.

'तो सुखी हाय' हे गोरक्षनं पुन्हा सांगायला लावलं.

"मी तसं बोल्लोच नव्हतो," तो म्हणाला. "तिनंच घातलं ते."

मग त्यानं पाथर्डीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. बायको आणि लहान मुलगी बाहेर रस्त्यावर उभ्या होत्या. महेंद्र तिघांना स्टँडपर्यंत पोहोचवायला गेला.